उसवलेला कर्णा

माझ्याकडे नऊ फोनो आहेत. त्यातले चार नकली आहेत. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तो आनंद दुसऱ्या कुणाला मिळायला नको.

फोनो म्हणजे चावीचा. खाली लाकडी पेटी, पेटीत स्प्रिंग, वर तबकडी आणि तिच्यावर मान वाकवून बसलेला मोठा कर्णा. वीज लागत नाही, नेट लागत नाही. हातानं चावी भरायची, सुई टेकवायची, की कधीची मरून गेलेली बाई तुमच्या घरात गायला लागते. तीन मिनिटं गाते. मग सुई नुसतीच खरखरत बसते आणि तुम्हाला उठावं लागतं. एकट्या माणसाला हे बरं. टीव्हीपुढून उठायला कारण लागतं, हा स्वतःच उठवतो.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे चौथीपर्यंत म्हणायला तशी हरकत नाही. नंतर मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची पोती उचलली. पाठ गेली तेव्हा थांबलो. या नादाला लागलो तेही तिथूनच. एका व्यापाऱ्यानं गाळ्याच्या मागची अडगळ काढायला सांगितली होती, त्यात एक लाकडी कर्णा निघाला. पातळ पातळ पाकळ्या जोडलेल्या, वर तोंड परातीएवढं, खाली निमुळता. मला वाटलं, धान्य ओतायचं नरसाळं आहे. घरी आणलं. बायकोनं दीड वर्ष त्यानं डब्यात गहू ओतला. खालचं तोंड बारीक होतं, गहू अडकायचा, म्हणून मी करवत घेऊन ते टोक वीतभर कापून टाकलं. बायको म्हणाली, आता कसं छान झालं. मीपण म्हणलं, छान झालं.

मग गॅसच्या शेगडीवाला आला होता, त्यानं बघितलं. म्हणाला, "मामा, हा फोनोचा कर्णा आहे. लाकडाचे तर दिसतच नाहीत कुठं. हा कापला कुणी?"

मी म्हणलं, "मिळाला तेव्हा असाच होता."

त्या दिवसापासून मी त्या कर्ण्याचं बाकीचं धड शोधतोय. ते मिळालं नाही, पण शोधता शोधता जुन्या बाजारातून, भंगारातून, कुणाच्या माळ्यावरून नऊ दुसरेच गोळा झाले. मोडलेले आणायचे, खोलायचे, चार दिवस शिव्या द्यायच्या आणि जुळवायचे. असं करत करत दुरुस्ती हाताला बसली. नकली ओळखायचं मात्र बसलं नाही, ते वर सांगितलंच.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. धायरीत दोन खोल्या आहेत, वर पत्रा, पुढं ओटा. पूर्वी ओट्यावर बसलं की ज्वारी दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग दिसतं. तिथल्या लोकांना मी गाडीच्या नंबरावरून ओळखतो. ते मला ओळखत नाहीत, कारण मला नंबर नाही. सकाळी उठलं की नऊही फोनोंना थोडी थोडी चावी देतो. स्प्रिंग आखडू नये म्हणून, असं मी लोकांना सांगतो. लोक म्हणजे कोण, ते विचारू नका.

तर यंदा गणपती उठल्यावर एक रिक्षा दारात थांबली आणि त्यातून एक बाई उतरल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, बारीक, नऊवारी नाही, पण सुती साडीची घडी अशी की कागद कापला जाईल. रिक्षावाल्याच्या हातात चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं.

"फोनो दुरुस्त करणारे आपणच का?"

"मीच."

"बाहेर पाटी नाही."

"होती. कुणी येईना म्हणून काढली."

"वा," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता कसे, न येणारे लोक पाटी नाही म्हणून येत नाहीत."

जुन्या बाजारातल्या भंगारवाल्यानं त्यांना माझा पत्ता दिला होता. त्या पेठेतल्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवलं, आता निवृत्त. मी त्यांना बाई म्हणायला लागलो, त्या मला मिस्त्री. बाईंसमोर मी 'हाय'च्या जागी 'आहे' म्हणायचो आणि माझी जीभ उलट्या चपला घातल्यासारखी चालायची.

गाठोडं सोडलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अस्सल. कर्णा लाकडाचा, नऊ पाकळ्यांचा, मधाच्या रंगाचा, टोक जागेवर. बाईंच्या वडिलांचा. त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशेजारी एका तिवईवर हा कायम असायचा. वडील गेले, भाऊ गेला, यजमान गेले, बाई राहिल्या आणि हा. वीस-बावीस वर्षांपूर्वी चावी फिरेनाशी झाली तेव्हापासून मुका होता.

"आमची बिल्डिंग पाडणार आहेत," बाई म्हणाल्या. "नवी होईल तेव्हा होईल, मी काही तेवढी थांबत नाही. दिवाळीनंतर मुलीकडे जायचं, हडपसरला. त्याच्या आत मला हा एकदा त्या खोलीत वाजवायचाय. त्याच्या जागेवर ठेवून. मग पाडा म्हणावं काय पाडायचं ते. होईल ना?"

"दिवाळी लांब आहे," मी म्हणलं.

फोनो दोन दिवसांत झाला. फार काही नव्हतंच. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळून जुन्या गुळासारखं झालं होतं. खरवडून काढलं, डिझेलनं धुतलं, नवीन भरलं. सुई धरणाऱ्या साउंड बॉक्समधलं रबर बदललं. तबकडी लावली आणि लाकडाचा कर्णा बोलला. पितळेच्या कर्ण्यातून गाणारी बाई बादलीत तोंड घालून गाते. ही शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून, काम करता करता गात होती. मी ओट्यावर जाऊन ऐकलं, मोरीत जाऊन ऐकलं. सगळीकडून शेजारच्याच खोलीत.

गुरुवारी बाई बसनं आल्या. गुरुवारी पेठेत पाणी बंद असतं, घरी बसून नळाकडे काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. पिशवीतून डबा काढला, त्यात थालीपीठ आणि लोणी. आणि त्या खुर्चीवर बसल्या.

त्या खुर्चीवर सहा वर्षं फक्त धुतलेले कपडे बसले होते. बाई येणार म्हणून मी ते सकाळी उचलले होते.

"झाला?" त्यांनी विचारलं.

मी 'झाला' म्हणायला तोंड उघडलं. तोंडात थालीपीठ होतं. गिळेपर्यंत विचार करायला वेळ मिळाला आणि विचार ही माझ्यासारख्याला न झेपणारी गोष्ट. झाला म्हणलं तर बाई रिक्षा बोलावणार, गाठोडं बांधणार, डबा घेणार, जाणार. खुर्ची परत कपड्यांची.

"नाही ना," मी म्हणलं. "आत एक चाक झिजलंय. कलकत्त्याहून मागवावं लागतंय."

कलकत्ता मी नकाशातसुद्धा बघितलेलं नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "तोवर तुमचे दाखवा."

मी एकेक दाखवत गेलो. चौथ्याशी त्या वाकल्या, पितळेवर बोट फिरवलं. "हे परवाचं पितळ आहे, मिस्त्री. माझ्या फोडणीच्या पळीचं याच्यापेक्षा जुनं आहे."

"विकणारा शंभर वर्षांचं म्हणाला."

"तो स्वतःचं वय सांगत असेल." बाई पुढच्याशी गेल्या. "हाही. आणि तोही. घेताना चष्मा घालत जा."

"मला चष्मा नाही."

"तेच म्हणतेय."

मला कुणी एवढं बोलून सहा वर्षं झाली होती. चांगलं बोलून नव्हे, नुसतंच बोलून.

पुढच्या गुरुवारी चाक आलं होतं, पण लहान निघालं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मोठं निघालं. मग टपालात हरवलं. मग मला ताप होता, तो मात्र खरा होता, पण त्यावरही बाईंचा विश्वास बसला नाही, कारण ताप म्हणून मी चेहरा जास्त पाडला. दर गुरुवारी त्या अकराच्या बसनं यायच्या आणि चारला जायच्या. माझा चहा म्हणजे पाप आहे, असं म्हणून त्यांनी एकदा स्वतः करून दाखवला. माझ्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं, ते घातल्या सदऱ्यावरच टाचलं, हलायचं नाही म्हणाल्या. मी हललो नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. तबकड्या लावायचो. गाणं संपलं, सुई खरखरायला लागली की आम्ही दोघं एकदम उठायचो आणि बाई म्हणायच्या, "बसा, तुमची पाठ."

शुक्रवारी सकाळी नऊ फोनोंना चावी देऊन झाली की मी बाईंचाही काढायचो. एकच गाणं लावायचो. शेजारच्या खोलीत कुणीतरी काम करतंय असं वाटायचं. तीन मिनिटं.

मला खोलीचं माहीत होतं. बाई विसरू द्यायच्याच नाहीत. "दोन-चार वेळा तरी वाजवायला मिळेल ना हो तिथं?" म्हणायच्या. मी म्हणायचो, दिवाळी लांब आहे. दिवाळी आली. बाईंनी चकल्या आणल्या. दिवाळी गेली.

सहाव्या गुरुवारी जाताना बाई चपला घालत म्हणाल्या, "पुढच्या वेळी मीच चावी फिरवून बघणार आहे. मशीन म्हणजे मशीन असतं. शाळेत बावीस शिलाई मशीनं मी एकटीनं चालवत ठेवली होती."

त्यांनी चावी फिरवली की गाणं लागणार. चाकं फार झाली होती, आता डोळ्यांना दिसेल असं काहीतरी मोडकं पाहिजे होतं. असलं डोकं मी तिसरीत चालवलं असतं तर चौथी बघितली असती.

लाकडी कर्ण्याच्या पाकळ्या सरसानं जोडलेल्या असतात. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा जुना डिंक. पक्का असतो, पण ओल्या उष्णतेला सुटतो. मी ठरवलं, एकच पाकळी, तीही बोटभरच, उघडायची. म्हणायचं, बाई, जोड सुटला, आठवडा द्या. बुधवारी दुपारी गरम पाण्यात फडकं पिळलं. फडकं म्हणजे बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, चांगला लांब. एका जोडाला लावायचा तर उरला, उरलेला कर्ण्याभोवती गुंडाळला, नाहीतर लोंबला असता. पत्र्याखाली ऊन तापलं होतं. म्हणलं, पाच मिनिटं पडावं.

उठलो तेव्हा चार वाजले होते. लुगडं सोडलं. कर्ण्यानं सोललेल्या केळ्यासारख्या चारी बाजूंनी माना टाकल्या होत्या. नऊच्या नऊ पाकळ्या. मी हात लावला तर दोन हातात आल्या.

गुरुवारी अकराला बाई आल्या. आज हातात डबा नव्हता. दारातूनच म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सामानाची गाडी येतेय, मिस्त्री. मुलीनं परस्पर ठरवलं. आज मी फोनो घेऊन जाणार, चाक असो नसो."

मग त्यांना टेबलावरच्या पाकळ्या दिसल्या.

मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. हवा दमट, जुना डिंक, आपोआप सुटलं. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी एक पाकळी उचलली, खिडकीशी नेली, कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरी.

"हे आपोआप नाही सुटलेलं."

"दमट हवेनं..."

"फाटलेलं वेगळं असतं, मिस्त्री, आणि उसवलेलं वेगळं. आपोआप सुटलं की एका जागी सुटतं, बाकीचं ओढलं जातं, कड फाटते. ही कड बघा. सगळीकडे सारखी. मुली उशीर झाला की आपलाच टाका उसवून आणायच्या आणि म्हणायच्या, बाई, सुटला. आयुष्यभर तेच बघितलंय मी." त्यांनी पाकळी खाली ठेवली. "अजून ओली आहे."

मी लुगड्याचा तुकडा पायानं टेबलाखाली सारला.

"हा वाजत होता?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा थालीपीठ आणलंत तेव्हापासून."

मला वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मी काहीतरी गंमत केली असती, माझं सगळं आयुष्य तसंच निघालंय. त्या ओरडल्या नाहीत. पिशवी काखेत घेतली, खोलीतल्या सगळ्या फोनोंकडे एकदा बघितलं.

"मला एकदाच वाजवायचा होता तिथं," म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं होतं."

"तुम्ही आला नसतात मग," मी म्हणलं.

"नसते आले," बाई म्हणाल्या. "धायरी लांब पडते." आणि बसस्टॉपकडे गेल्या. मी ओट्यावर उभा राहिलो. बस आली तेव्हा त्या खिडकीत बसल्या, पण पलीकडच्या.

मी लगेच सरस आणला, शिजवला, घरभर मेलेल्या गुराचा वास केला. पण सरस घाईनं धरत नाही. एका वेळी एक जोड, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायचा, दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. रविवारपर्यंत दोन पाकळ्या झाल्या. सोमवार काही थांबणार नव्हता.

म्हणून सोमवारी पहाटेच मी रिक्षा केली, फोनो घेतला आणि माझा तो गव्हाचा कर्णा घेतला. तोही लाकडाचा, तसाच. म्हणलं, खोलीत एकदा तरी वाजेल. पेठेत बाईंच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर सामान हलवणारी माणसं दोऱ्या बांधत होती. पुढची खोली जवळजवळ मोकळी. खिडकीशेजारी भिंतीवर एक उजळ डाग, गोल, कर्ण्याएवढा. भोवतीचा रंग वर्षानुवर्षं काळवंडला होता, कर्ण्यामागचा तेवढा झाकून राहिला होता.

बाईंनी मला बघितलं. तिवई तेवढी पुढं सरकवली.

मी फोनो ठेवला. कर्णा बसवायला गेलो. मीच कापलेलं तोंड, तीन बोटं रुंद. चिंधी गुंडाळली, सुतळी गुंडाळली, हातानं धरून ठेवला. सुई टेकवली तर कर्णा खाली घसरला आणि सुईसकट सगळं तबकडीवर आडवं झालं. कर्ण्यातून फरशीवर दोन गहू पडले. बायकोच्या हातचे असणार. इतकी वर्षं कुठंतरी जोडात अडकून बसले होते आणि निघायला त्यांना हीच वेळ मिळाली.

बाईंनी गहू बघितले, माझ्याकडे बघितलं.

"राहू द्या, मिस्त्री," म्हणाल्या. "त्या पोरांना कपाट झेपत नाहीये. तुम्ही हमाल होतात ना? उचला."

मी ते कपाट दोन जिने खाली नेलं. पाठीचं काय झालं ते सांगत नाही. गाडीत बाई पुढं बसल्या. मी फोनो परत धायरीला आणला, कारण तो कर्ण्याशिवाय त्यांना नको होता. गहू मी खिशात टाकले होते, ते अजून एका डबीत आहेत.

कर्णा नीट व्हायला महिना लागला. आयुष्यात एवढं सरळ काम मी केलं नसेल. एकाही गुरुवारी कुणी आलं नाही, त्यामुळं वेळच वेळ होता. जोड घासले, लाखेचं पॉलिश पातळ पातळ दिलं, सहा हात. शेवटी वाजवून बघितला. शेजारच्या खोलीत गाणं लागलं. शेजारच्या खोलीत कुणी नव्हतं, मी जाऊन बघितलं.

हडपसरला गेटवर वॉचमननं विचारलं, "डिलिव्हरी का?" मी म्हणलं, हो. अकराव्या मजल्यावर बाईंच्या मुलीनं दार उघडलं, पाणी दिलं, फोनो कुठं ठेवायचा ते दाखवलं, टीव्हीच्या बाजूला. बाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, पाहुणे बसतात तशा. मी चावी भरली, सुई टेकवली. कडवं सुरू होतंय तोच आतून जावईबापू आले, कानात ते यंत्र, हातात लॅपटॉप.

"काका, मीटिंग चालू आहे. याचा व्हॉल्यूम कुठून कमी होतो?"

मी फोनोला चारी बाजूंनी बघितलं, जसं काही मला माहीत नव्हतं. मग गळ्यातला मफलर काढला, गोळा केला आणि कर्ण्यात कोंबला. गाणारी बाई एकदम गोधडीखाली गेली.

"चालेल का आता?"

"परफेक्ट," म्हणाले आणि आत गेले.

बाई आणि मी ऐकत बसलो. बाई म्हणाल्या, "सर्दी झालीय तिला." एवढंच. पण मान तालावर हलत होती. गाणं संपलं, सुई खरखरली, आम्ही दोघं एकदम उठलो. बाई बसा म्हणाल्या नाहीत.

निघताना मी मफलर काढून घेतला. आणि चावी काढून घेतली. ती पेटीतून निघते, हातभर दांडा, गुपचूप सदऱ्याखाली खोचली. मला वाटलं, दोन दिवसांत फोन येईल, मिस्त्री, चावी विसरलात. मग मी गुरुवारी जाईन. पुन्हा तीच युक्ती. तिसरीत दोनदा बसलेला माणूस आहे मी, एकदा शिकवून मला कळत नाही.

फोन आला नाही. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. फोन बिघडला का म्हणून मी गॅसवाल्याला मिस कॉल द्यायला लावला. वाजला. तिसऱ्या गुरुवारी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चावी नाही हे कळायला आधी कुणीतरी फोनोला हात लावायला पाहिजे. त्या घरात कुणी लावलाच नसेल. बाईंनीसुद्धा नाही. मी एवढं जोडलं, घासलं, पॉलिश केलं आणि एवढी चलाखी करून चावी पळवली, ती अशा वस्तूची जी कुणाला वाजवायचीच नव्हती.

पाचव्या गुरुवारी चावी पिशवीत घातली आणि बस धरली. दोन बस बदलाव्या लागतात. वॉचमनला सांगितलं, चावी द्यायला आलोय. त्यानं वर विचारलं. बराच वेळ फोन कानाला लावून उभा होता. मग म्हणाला, जा.

दार बाईंनीच उघडलं. कर्ण्यात कापडी फुलं होती, गुलाबी, देठाला धूळ. मी चावी पुढं केली.

"माझ्याकडून गेली होती," म्हणलं. मग म्हणलं, "नेली होती."

"माहितीय," बाई म्हणाल्या. "तुम्ही लिफ्टमध्ये शिरायच्या आत बघितलं होतं मी. हातभर दांडा, मिस्त्री. लंगडत गेलात."

"मग फोन नाही केलात?"

"मी कशाला करू? नेणारा आणून देतो का, ते बघत होते." त्यांनी कर्ण्यातली फुलं काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "पाच आठवडे. शाळेतल्या मुलीसुद्धा एवढा वेळ नव्हत्या लावत."

आतल्या खोलीत जावईबापूंची मीटिंग चालूच होती. मी न विचारता मफलर काढून कर्ण्यात कोंबला. चावी बाईंनी स्वतः भरली, मोजून वीस वेळा. एक बाजू ऐकली, मग दुसरी. मुलीनं चहा आणून दिला. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर नुसतं आभाळ होतं आणि लांब क्रेन.

"इथं आवाज सुटतो," त्या म्हणाल्या. "तिथं भिंत होती मागं."

मी तबकडी पुसून पाकिटात घातली. माझ्याकडे त्यावर गंमतसुद्धा नव्हती.

चार वाजता निघालो. चावी पेटीत बसवलेलीच ठेवली, बाईंना दिसेल अशी. "येतो," म्हणलं. "बरं," म्हणाल्या. 'पुढच्या गुरुवारी' त्याही म्हणाल्या नाहीत आणि मीही नाही. आता त्यांच्याकडे गाणं आहे, कर्णा आहे, चावी आहे. मला बोलवायला काही कारण उरलेलं नाही आणि ते तसंच पाहिजे, एवढं मला पाच आठवड्यांत कळलं होतं. हात मोकळे हलवत बसस्टॉपवर आलो. स्वतःवर जरा खूशसुद्धा होतो.

बस सुरू झाली आणि कान गार पडले. गळ्याला हात लावला. मफलर नव्हता.

तो कर्ण्यातच राहिला होता. देवाशपथ सांगतो, या वेळी खरंच विसरलो. पण हे बाईंना फोनवर सांगून बघा. म्हणून फोन केलेला नाही. उद्या गुरुवार आहे, थंडी वाढलीय आणि मी डोक्याला टॉवेल गुंडाळून ओट्यावर बसलोय.